बाहत्तरचा दुष्काळ, रोजगार हमी आणि सर्वपक्षीय एकमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजगार हमीच्या कामाची मागणी कशी करायची, ग्रामसभेत कामांचा आराखडा कसा मांडायचा, याची शिबिरं मी सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत बरीच वर्षं घेते आहे. शिबिर संपलं की चहाच्या वेळी प्रश्न हमखास राजकारणाकडे वळतात. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने केलाच कसा? आज तसं होईल का? तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढावीत असं वाटलं.

पक्षापक्षांत एकमत कसं होतं हे समजून घ्यायला रोजगार हमीचंच उदाहरण का?

कारण या एकमताला पैसे पडले होते. शोकप्रस्तावावर किंवा अभिनंदनाच्या ठरावावर सगळे पक्ष एका सुरात बोलतात, त्यात कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. रोजगार हमीत मात्र सगळे नाजूक विषय एका जागी आले होते: नवा कर, मजुरीचा दर, जमीनमालक आणि शेतमजूर यांचं नातं, शहराचा पैसा आणि गावाची गरज. यातल्या एकेका विषयावर सरकारं अडचणीत येतात. तरीही 1977 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हा कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खेड्यातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते देणं सरकारवर कायद्याने बंधनकारक झालं. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. केंद्राला तसा कायदा करायला 2005 साल उजाडलं.

तेव्हा पक्षांमध्ये आजच्याइतकं वैर होतं का?

आजच्याइतकंच, आणि काही बाबतींत जास्त. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. महाराष्ट्रातले समाजवादी, जनसंघाचे आणि इतर विरोधी कार्यकर्ते मोठ्या संख्येने तुरुंगात गेले. मृणाल गोरे तुरुंगात होत्या, विधान परिषदेतले ग. प्र. प्रधान तुरुंगात होते. 1977 च्या निवडणुकीने दिल्लीत काँग्रेसचं सरकार गेलं आणि जनता पक्षाचं आलं. महाराष्ट्रात सत्ता काँग्रेसकडेच होती, पण त्या पक्षातही फुटीचे वारे वाहत होते. घाव ओले होते. ज्या पक्षाच्या राजवटीत आपली माणसं तुरुंगात गेली, त्याच पक्षाच्या सरकारने आणलेल्या विधेयकाला त्याच वर्षी विरोधी बाकांनी पाठिंबा दिला.

क्रम नीट पाहा. योजनेची घोषणा वसंतराव नाईकांच्या काळात झाली. तिच्यासाठीचा कर शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना लागू झाला. कायदा मंजूर झाला तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. आणि तो प्रत्यक्ष अमलात आला तेव्हा वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवारांनी पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, आघाडी सरकार बनवलं होतं, त्यात जनता पक्ष आणि शेतकरी कामगार पक्षही होते. चार मुख्यमंत्री, एक सत्तांतर, एक आणीबाणी. आणि योजना एका हातातून दुसऱ्या हातात शाबूत गेली. शिबिरात हा क्रम मी फळ्यावर लिहिते तेव्हा जुनी माणसं नुसती मान हलवतात. त्यांनी तो काळ बघितलेला असतो, पण अशा ओळीत लावलेला नसतो.

बाहत्तरच्या दुष्काळाने सगळ्यांना भाग पाडलं, एवढंच ना?

अर्धं खरं आहे. दुष्काळ मोठाच होता. 1972-73 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळजवळ 50 लाख माणसं होती. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्यांतली एक. ती खडीकेंद्रावर होती. डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, समोर मोठा दगड, हातात हातोडी. दिवसभरात फोडलेली खडी चौकोनी लाकडी मापात भरायची, माप भरलं तर मजुरी. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं खाणं मिळायचं आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. उन्हाची तिरीप खडीच्या कपचीवर पडली की डोळ्यांत पाणी यायचं, असं ती सांगायची. फोडलेली खडी कशाला लागणार हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि ते ढीग पुढे बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला तसेच पडून होते. तरी ती त्या खडीला नाव ठेवत नसे. त्या खडीवर घरातली पाच पोरं जगली होती.

आता उरलेलं अर्धं. दुष्काळ त्याआधीही पडत होते आणि कामंही निघत होती. पाऊस झाला की कामं बंद आणि विषय संपला, अशीच रीत होती. या वेळी विषय संपला नाही, कारण एक तयार आराखडा आधीपासून हाताशी होता. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग वि. स. पागे यांच्या पुढाकाराने झाला होता. 1972 च्या मे महिन्यात योजना राज्यासाठी जाहीर झाली. दुष्काळ तीव्र झाल्यावर ती बाजूला ठेवून टंचाईची कामं काढावी लागली आणि दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा सुरू झाली. शिबिरात मी यावर नेहमी जोर देते. संकटात माणसं एकत्र येतात हे खरं. पण एकत्र आल्यावर हातात काहीच नसेल तर पहिल्या पावसाबरोबर पांगतात.

वि. स. पागे कोण?

विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले काँग्रेसचे नेते, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, सर्वोदयी वळणाचे. राज्य स्थापन झाल्यापासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. या खुर्चीचा उपयोग झाला असं मला वाटतं. सभापती मंत्री नसतो, त्याला खातं मिळवायचं नसतं, आणि सभागृहातल्या सगळ्या बाजूंचं त्याला ऐकावं लागतं. एखादी कल्पना अमुक मंत्र्याची म्हणून पुढे आली की तिला विरोध करणं विरोधकांचं कर्तव्यच होऊन बसतं. पागेंच्या कल्पनेवर तसा शिक्का बसला नाही.

प्रत्येक पक्षाने होकार कशासाठी दिला?

प्रत्येकाने आपापल्या कारणासाठी, आणि मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते.

डाव्यांसाठी आणि समाजवाद्यांसाठी हा कामाचा हक्क होता. राज्यघटनेच्या 41 व्या कलमात तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, पण त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. तो कायद्यात उतरवण्याची ही संधी होती. दुष्काळात कामांवर मजुरांच्या सभा घेणारे, मोर्चे काढणारे दत्ता देशमुखांसारखे लाल निशाण पक्षाचे नेते, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) एन. डी. पाटील आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे रोज मजुरांच्या प्रश्नांशी झगडत होते. शहरात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले होते. एक समाजवादी, एक मार्क्सवादी, एक कम्युनिस्ट. या पक्षांचं आपसांतही पटत नव्हतं, पण तेलाच्या आणि धान्याच्या प्रश्नावर बायका एका व्यासपीठावर आल्या होत्या. एकत्र काम करायची सवय तिथेच लागली होती.

काँग्रेसमधल्या ग्रामीण नेत्यांसाठी हिशेब वेगळा होता. सरकारी कामांतून पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, रस्ते होणार होते. पाझर तलावाचं पाणी ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत उतरतं. रस्ता झाला की ऊस कारखान्याला वेळेत जातो. मजूर गावात राहतो, मुंबईला जात नाही, म्हणजे सुगीला हाताशी असतो.

गांधीवाद्यांसाठी ही श्रमाची प्रतिष्ठा होती आणि खेडं स्वतःच्या पायावर उभं करण्याचा मार्ग होता. शहरातल्या आमदारांना दिसत होतं की गावात काम नसलं की लोंढा मुंबईच्या फुटपाथवर येतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांमध्येही विचार चालू होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं, त्यात सरकारी कामांतून रोजगार देण्याचा मार्ग ठामपणे मांडला होता.

यांतल्या कोणीही दुसऱ्याचं तत्त्वज्ञान मान्य केलं नाही. शेकापवाला गांधीवादी झाला नाही, बागायतदार समाजवादी झाला नाही. सगळ्यांनी मान्य केलं ते एकच वाक्य: मागेल त्याला काम. मनं जुळायची वाट बघत बसले असते तर तो कायदा आजही झाला नसता.

मग विरोध कोणाचाच नव्हता?

होता, पण तो सभागृहात उघड बोलला जात नव्हता. गावात जमीनमालकांची भीती अशी की सरकार वर्षभर काम देऊ लागलं तर काढणीला माणूस मिळणार नाही, आणि मिळाला तर जास्त मजुरी मागेल. मजुराला नकार देण्याची ताकद येते म्हटल्यावर ही भीती साहजिक होती. मी तिला वाईट म्हणत नाही, कोरडवाहू चार एकरवाल्यालाही ती वाटते.

तिच्यावर तोडगा योजनेच्या रचनेतच काढला गेला. मजुरी रोजावर ठेवली नाही, कामाच्या मापावर ठेवली. साधारण ताकदीच्या माणसाने दिवसभर काम केलं तर शेतमजुरीच्या किमान वेतनाएवढं पडावं, असा दर बांधला. म्हणजे शेतातल्या कामापेक्षा सरकारी काम जास्त ओढ लावणार नाही. काम कोणतं आणि कुठे, हे निवडायचा हक्क मजुराला दिला नाही. एखादं काम सुरू करायला निदान 50 मजूर हवेत अशी अट घातली. कंत्राटदार आणि यंत्रं यांना मनाई केली, पुरुषाला आणि बाईला एकच दर ठेवला, कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळायची सोय बंधनकारक केली. काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता, पण तो नाममात्र. यांतल्या कोणत्या अटी मजुरांच्या बाजूच्या आणि कोणत्या मालकांच्या, हे वाचतानाच लक्षात येतं. दोन्ही एकाच कागदावर आहेत.

पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदाराने तो का द्यायचा?

तुमची पगाराची चिठ्ठी काढा. कपातीच्या रकान्यात 'प्रोफेशन टॅक्स' किंवा 'व्यवसाय कर' असं लिहिलेलं असेल, समोर 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. महाराष्ट्रात हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला. पुण्या-मुंबईतल्या अनेक नोकरदारांना ही कपात कशाची हे ठाऊक नसतं. मी एकदा बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुझ्या आजीच्या गावच्या तलावात माझाही एक दगड आहे.

एकट्या नोकरदारावर भार टाकला नव्हता. मोटारगाड्यांवरच्या करात वाढ झाली, विक्रीकरावर अधिभार बसला, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर उपकर बसला. ग्रामीण भागालाही सोडलं नाही. जमीन महसुलावर वाढीव आकार आणि ओलिताखालच्या जमिनीवर विशेष आकार बसला. या सगळ्यातून जेवढं जमा होईल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. शहराने दिलं, बागायतदाराने दिलं, सरकारने दिलं. त्यामुळे आमच्याच पैशावर दुसऱ्याची चैन असं म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

सरकारं बदलली तरी योजना टिकली कशी?

तीन गोष्टींमुळे.

एक, ती शासन निर्णयावर न ठेवता कायद्यात आणली. शासन निर्णय एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो. कायदा मागे घ्यायला सभागृहात उभं राहून तसं बोलावं लागतं. दोन, पैशाचा स्वतंत्र निधी केला. पुढे निधीत जमलेला सगळा पैसा कामांवर खर्च होत नाही, अशी मजूर संघटनांची तक्रार राहिली आणि ती रास्त आहे. पण निधी आहे म्हणून तर तक्रार करता येते. तीन, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची सर्वपक्षीय रोजगार हमी समिती नेमली गेली. ही समिती जिल्ह्यांत जाते, कामं पाहते, अधिकाऱ्यांना जाब विचारते. विरोधी पक्षाच्या आमदाराला योजनेवर देखरेख करायचं अधिकृत स्थान मिळालं. माणूस ज्याची राखण करतो ते सहसा मोडत नाही.

एकमत म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं सोडणं का?

बाजारात भाव ठरवताना तसं होतं. तू दहा म्हण, मी सहा म्हणतो, आठवर मिटवू. धोरणात असं केलं तर बहुतेक वेळा असं काहीतरी तयार होतं जे कोणालाच नको असतं. अर्धा पूल बांधून काय करायचं? रोजगार हमीत काम अर्ध्या लोकांना द्या असं ठरलं नाही. हमी पूर्ण ठेवली आणि तिच्याभोवतीच्या अटींवर घासाघीस केली. कशावर घासाघीस चालेल आणि कशावर नाही, हे आधी ठरवता आलं तर निम्मं काम झालं.

या एकमताची किंमत कोणी मोजली?

मजुरांनी मोजली. हे मी प्रत्येक शिबिरात सांगते, कारण एकमताची गोष्ट सांगताना तिच्या सावलीतली माणसं दिसेनाशी होतात.

पहिली किंमत मजुरीची. मालकांचा होकार मिळावा म्हणून दर कमी ठेवले गेले आणि बरीच वर्षं ते कमीच राहिले. 1988 मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरीही त्याप्रमाणे वाढली. त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. काम नको झालं म्हणून ती घसरली असं मला वाटत नाही. मजुरी महाग झाल्यावर सरकारच कामं काढायला हात आखडता घेऊ लागलं. मजुरी कमी होती तोवर एकमत भक्कम होतं, मजुरी वाढताच ते पातळ झालं. असं एकमत किती खोल होतं, हा प्रश्न मला अजून सतावतो.

दुसरी किंमत जमिनीची. दुष्काळात बांधलेल्या तलावाचं पाणी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडेच गेलं. घमेलं उचलणाऱ्या भूमिहीन बाईला मजुरी मिळाली, पाणी नाही. त्याच काळात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा वेगळा मार्ग दाखवला होता: पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचा, आणि भूमिहीनालाही द्यायचा. तो विचार कायद्यात आला नाही. तो आणायचा म्हटलं असतं तर सभागृह एकमुखी राहिलं नसतं, हे उघड आहे.

1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. कोकणात आंबा-काजू, आमच्याकडे डाळिंब आणि बोर. सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, घरं बदलली, मुलं शिकली. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण हमी मजुरासाठी होती आणि बाग जमीनवाल्याची झाली, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच शिवारात शेजारी शेजारी उभ्या आहेत.

यात भ्रष्टाचार झाला, मग कसलं एकमत?

झाला. खोटी हजेरीपत्रकं, कागदावरचे बांध, मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी. त्याविरुद्ध मजूर संघटना लढल्या आणि आजही लढतात. चोरी होते म्हणून विहिरीवरचा पंप कोणी काढून टाकत नाही, कुलूप लावतो.

दिल्लीत 2005 मध्ये असंच झालं का?

बरंचसं. डिसेंबर 2004 मध्ये संसदेत विधेयक आलं तेव्हा ते गरीब कुटुंबांपुरतंच होतं. ते ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष भाजपचे कल्याणसिंह होते, म्हणजे विरोधी पक्षाचे. समितीने हमी फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती ठेवू नका, सगळ्यांना खुली करा, असं सुचवलं. सरकारला बाहेरून पाठिंबा देणारे डावे पक्षही तेच म्हणत होते आणि गावोगाव फिरणाऱ्या संघटनाही. राष्ट्रीय जनता दलाचे रघुवंशप्रसाद सिंह ग्रामीण विकास मंत्री होते. ऑगस्ट 2005 मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं आणि फेब्रुवारी 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत अंमल सुरू झाला. महाराष्ट्राचा कायदा प्रत्येक प्रौढाला आणि दिवसांची मर्यादा न घालता हमी देत होता, केंद्राचा कुटुंबाला 100 दिवस. तो फरक महाराष्ट्राने मिटू दिला नाही. शंभर दिवसांच्या पुढचं काम राज्याच्या पैशातून देण्याची तरतूद राहिली.

2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लोकसभेत मनरेगाला, म्हणजे 2005 च्या या केंद्रीय योजनेला, काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं आणि योजना चालूच ठेवली. 2020 मध्ये टाळेबंदीत माणसं शहरांतून पायी गावाकडे निघाली तेव्हा त्याच सरकारने याच योजनेसाठी 40 हजार कोटी रुपये जादा दिले. भाषण एक आणि कृती दुसरी, असं म्हणून याच्यावर टीका करणारे भेटतात. मला ती कृती महत्त्वाची वाटते. मतभेद बोलून दाखवावेत आणि माणसं उपाशी राहू देऊ नयेत, एवढं तरी त्यातून साधलं.

मग 2025 चा नवा कायदा?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस 100 वरून 125 झाले, बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलावा लागणार आहे, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा आहे. विरोधकांच्या घोषणांच्या गदारोळात तो मंजूर झाला.

शेवटची तरतूद वाचून मला पन्नास वर्षांपूर्वीची जमीनमालकांची भीती आठवली. तीच, शब्दशः. तेव्हा ती मजुरीच्या दरात दडवली गेली होती, आता कायद्यात उघड लिहिली गेली. तिच्यावर चर्चा व्हायला हवी होती, स्थायी समितीत महिने दोन महिने घालवायला हवे होते. 125 दिवस ही चांगली गोष्ट आहे. राज्यांवरचा भार ही काळजीची गोष्ट आहे, विशेषतः गरीब राज्यांसाठी. पण माझा मोठा आक्षेप रीतीवर आहे. जो कायदा एका बाजूने घाईत होतो, त्याची राखण करायला दुसरी बाजू येत नाही.

गावपातळीवर विरोधी गटाशी बोलणं कसं सुरू करायचं?

त्यांचं मत विचारू नका, अडचण विचारा. मत विचारलं की माणूस पक्षाचं सांगतो. अडचण विचारली की घरचं सांगतो.

आणि बैठक बंद खोलीत घेऊ नका. शिवारात घ्या.

हे प्रत्यक्षात होताना तुम्ही कुठे पाहिलंत का?

पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथे दोन्ही गट अजून नांदताहेत. ग्रामसभेत एका गटाला पाणंद रस्ता हवा होता, दुसऱ्याला ओढ्यावर नाला बांध. सरपंच एका गटाचे, उपसरपंच दुसऱ्याचे. दोन ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाल्या होत्या आणि तिसऱ्या सभेत लोक एकमेकांच्या अंगावर जायचे तेवढे राहिले होते. मागच्या बाजूला बसलेल्या मजूर बायकांपैकी एक उठली आणि म्हणाली, आम्हाला बांध नको नि रस्ता नको, दिवाळीच्या आधी हजेरी लागू दे.

सभा गप्प झाली. मग कोणीतरी म्हणालं, चला, ओढ्यावर जाऊन तरी बघू.

सकाळी साताला चाळीसेक माणसं ओढ्याकाठाने चालत निघाली. वरच्या बाजूला बांध घातला तर पाणी कोणत्या विहिरींत उतरेल हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. एकाने काठीने मातीवर विहिरी मांडल्या. सरपंचांच्या गटाच्या तीन निघाल्या, दुसऱ्या गटाच्या चार. आणि सगळ्यात खाली, ओढ्याच्या वळणावर, बौद्ध वस्तीची सार्वजनिक विहीर, जी मार्चमध्ये कोरडी पडते. ती विहीर कोणाच्याच हिशेबात नव्हती. ज्या बाईने सभेत तोंड उघडलं होतं ती त्याच वस्तीतली होती. तिने विहिरीत डोकावून सांगितलं की दोराला आता किती वाव लागतो. सरपंचांनी स्वतः पोहरा सोडून पाहिला.

ठराव तिथेच लिहिला गेला, ग्रामसेवकाच्या मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून. आधी बांध, मग पाणंद, क्रम ठरावात घातलेला. रस्त्याच्या गटाने एक अट घातली: बांधाची माती आणि मुरूम जिथून काढायचा तो रस्त्याच्या कडेने काढायचा, म्हणजे रस्त्याचं सपाटीकरण आपोआप थोडं होईल. बांधाच्या गटाने ती मानली. काम मागणीच्या अर्जावर त्याच दिवशी बावन्न जणींनी आणि जणांनी सह्या-अंगठे केले, आणि अर्ज दिल्याची तारखेची पोच त्या बाईने पदराच्या गाठीत बांधून घरी नेली.

पहिली हजेरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी लागली.